तीन वाजून बेचाळीस मिनिटं

शनिवार, ७ तारीख

तीर्थस्वरूप मावशीस,
साष्टांग नमस्कार. पत्राची सुरुवात अशीच करायची हे चौथीत असताना फूटपट्टी हातात घेऊन तूच शिकवलंस, तेव्हा आता हसू नकोस. आम्ही तिघंही बरे आहोत. तुझ्या सूनबाईला सर्दी झाली आहे, पण शिंकता शिंकता घरातल्या सगळ्यांना धाकात ठेवणं चालू आहे. चिमणी घड्याळ वाचायला शिकली. आता कुणी न विचारता दर पाच मिनिटांनी किती वाजले ते सांगत फिरते. स्वयंपाकघरातला नळ गळतो तो गळतोच आहे. नळवाला उद्या येतो म्हणाला, त्याला तीन आठवडे झाले.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. फोनवर माझा आवाज ऐकलास की तू लगेच विचारतेस, काय रे, असा का बोलतोस. तुझे चार फोन मी उचलले नाहीत. पाचवा उचलला तेव्हा तू म्हणालीस, "तुम्हा लोकांकडूनच अहवाल गेलाय ना? तू मशीनमधलं जाणतोस. बघ ना जरा, कुठे चुकलंय का." मी म्हणालो, ते काम माझ्याकडे नव्हतं. आमच्या विभागात आम्ही तिघं आहोत, प्रत्येकाचं वेगळं असतं. कोणी लिहिला मला खरंच ठाऊक नाही.

मावशी, त्या दिवसाचा विचार माझ्याही डोक्यातून जात नाही. सकाळी सव्वाअकराला तुझ्या वॉर्डातल्या सात महिन्यांच्या बाळाला औषध दहापट गेलं. बाळ वाचलं, पण एका कानाने त्याला ऐकू येणार नाही म्हणतात. अशा वेळी माणूस घाबरतो आणि घाबरून काहीतरी करून बसतो, हे कुणालाही समजेल. मशीनवरचा औषधाच्या मात्रांचा तक्ता तुझ्या ताब्यात होता. त्यात आकडा चुकलेला असेल, आणि बाळाचं कळल्यावर दुपारी बसून तू तो सुधारला असशील, तर ते काही खून केल्यासारखं नाही. तू म्हणतेस आठ महिन्यांत तक्त्याला बोट लावलेलं नाही. पण अहवालात तक्ता बदलल्याची वेळ आहे, तीन वाजून बेचाळीस मिनिटं. मशीन कशाला खोटं बोलेल?

म्हणून माझं ऐक. गुरुवारी समितीपुढे कबूल करून टाक. एकतीस वर्षांची नोकरी बघून ते सौम्य वागतील. नाही म्हणत राहिलीस तर चूक आणि वर खोटेपणा, असं दोन्ही तुझ्या माथी मारतील. मला तुझी फार काळजी वाटते. समोरून अधीक्षक येताना दिसले की मी जिना बदलतो, इतकं घाबरायला मला काय झालंय कळत नाही.

जेवत जा. गोळ्या विसरू नकोस. तू दुसऱ्यांना वेळेवर देतेस आणि स्वतःच्या विसरतेस.

तुझा,
लाडका (अजून असेन तर)


सोमवार, ९ तारीख

तीर्थस्वरूप मावशीस,
साष्टांग नमस्कार. परवाचं पत्र टाकलं नाही. पाकिटाला डिंक लावला आणि हात थांबला. ते खिशात घेऊनच दोन दिवस हिंडतो आहे.

आता जे लिहितो ते एका दमात लिहितो, नाहीतर लिहिलंच जाणार नाही. तो अहवाल मी लिहिला आहे. तीन बेचाळीस ही वेळ मी काढली आहे. आणि ती चुकीची आहे.

आज सकाळी समितीच्या सचिव बाईंचा फोन आला. अहवालाच्या तक्त्यात प्रत्येक फाइलचा आकार लिहायचा रकाना असतो, तो आमच्याकडून रिकामा गेलाय, भरून द्या, म्हणाल्या. मी तळघरातल्या खोलीत गेलो. तुझ्या वॉर्डातलं जुनं मशीन तिथे आणून ठेवलंय. आकार बघण्यापुरती फाइलींची साधी यादी काढली, मशीन स्वतः दाखवतं ती. आकाराशेजारी तारीख होती. आठ महिन्यांपूर्वीची.

यादी बंद केली. पुन्हा काढली. पुन्हा तीच. शेजारच्या खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली तर मी पडद्यावर हात ठेवला. चोरी करताना पकडल्यासारखा.

काय झालं ते तुला समजेल असं सांगतो. प्रत्येक फाइलमागे मशीन माहितीचा एक पट्टा ठेवतं. मालक कोण, आकार किती, कुणाला वाचायची परवानगी आहे, आणि शेवटी ओळीने तीन वेळा. पहिली, फाइल कधी वाचली. दुसरी, आतला मजकूर कधी बदलला. तिसरी, मजकूर तसाच ठेवून बाहेरचं काही कधी बदललं, म्हणजे मालक किंवा परवानगी. मी ज्या भाषेत स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला द्यायच्या सूचना, लिहितो ती लहानखुरी आहे. हा पट्टा वाचायची सोय तिच्यात नाही. तो मशीनच्या पोटातून मागावा लागतो, आणि पोटातलं सगळं 'सी' भाषेत आहे. सी पट्टा देते, पण त्यावर नावं नसतात. नुसते कप्पे. कितवा कप्पा कशाचा आणि किती रुंद, हे आपणच स्क्रिप्टला आधी लिहून द्यायचं. एक कप्पा चुकला की पुढचे सगळे सरकतात, आणि स्क्रिप्ट तक्रार करत नाही. जे हाताला लागेल ते आणून देते.

नव्या मशीनसाठी मी हे वर्षानुवर्षं वापरतो. विभागात सगळे माझीच स्क्रिप्ट मागून नेतात, त्याचा मला कोण तोरा. तुझ्या वॉर्डातलं मशीन जुनं. त्याचे कप्पे अरुंद. मी माझी यादी त्याच्यासाठी हाताने बदलली आणि दोन कप्पे बदलायचे राहिले. ते दोन मिळून बरोबर एका वेळेइतके रुंद भरले. म्हणजे दुसरी वेळ मागितली की तिसरी हातात येत होती. बाकीच्या चारशे फाइलींच्या दोन्ही वेळा सारख्याच होत्या, त्यांना कुणी बाहेरून हात लावलेला नव्हता, म्हणून तिथे काही खटकलं नाही. फक्त तुझ्या एका फाइलला कुणीतरी बाहेरून हात लावला होता, त्या दिवशी दुपारी तीन बेचाळीसला.

कोणी, ते आता सांगतो. त्या दुपारी आमच्या विभागाच्या साहेबांनी मला तुझ्या वॉर्डात पाठवलं. तू मला बघितलंस आणि ओळख दाखवली नाहीस. हॉस्पिटलात तू मला ओळखायचं नाही आणि मी तुला, असं मी इथे लागलो तेव्हा आपणच ठरवलं होतं, वशिल्याने लागला असं कुणी म्हणू नये म्हणून. तुझ्या टेबलाशी बसलो तर तू पाण्याचा ग्लास ठेवलास आणि म्हणालीस, "घ्या." आयुष्यात पहिल्यांदा तू मला अहो-जाहो केलंस. मी तक्ता उघडायला गेलो तर उघडेना, तो फक्त तुमच्या वॉर्डाला वाचता यायचा. मग मी वरचा परवाना वापरून ती फाइल सगळ्यांना वाचता येईल अशी केली आणि नक्कल घेतली. साहेबांचा निरोप आला होता, मिळाली का? मी उत्तर पाठवलं, मिळाली. तो निरोप फोनमध्ये अजून आहे, आज काढून बघितला. तीन वाजून त्रेचाळीस मिनिटं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तो हात माझा होता, मावशी. तुझ्या तक्त्यातला आकडा पहिल्यापासून बरोबर होता, आणि तू खरं बोलत होतीस.

ही चूक आहे, प्रामाणिक चूक आहे. असे कप्पे भल्याभल्यांचे चुकतात. मुद्दाम केलेलं नाही, एवढं तरी तू धरशील ना?

पुढे काय करू कळत नाही. साहेबांकडे गेलो होतो. त्यांनी दार लावून घेतलं, सगळं ऐकलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "जुनं मशीन बुधवारी दुपारी आतलं सगळं पुसून भंगारात जायचंय. एकदा गेलं की कोणाला काही शोधता येणार नाही. तुला बायको आहे, मुलगी आहे. मी काही ऐकलं नाही असं समज." मग त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यायलो, मावशी. त्यांच्यासमोर बसून अख्खा कप प्यायलो.

घरी आलो तर चिमणी दारातच म्हणाली, बाबा, पावणेसहा. मी तिच्यावर ओरडलो. ती इतकी दचकली की तिची आई बाहेर आली. दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी आत जाऊन दार लावून घेतलं.

भीती कशाची, ते एकदा लिहून बघतो. नोकरी जाईल. गुन्हा नोंदवतील. ही सिस्टर माझी मावशी आहे हे बाहेर येईल आणि मग मी आता खरं बोललो तरी म्हणतील, नातेवाईक म्हणून वाचवतोय. आणि गप्प राहिलो तर काहीच होणार नाही. मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते आहे.

हेही पत्र टाकवत नाही.

तुझा,
घाबरट


बुधवार, ११ तारीख
तुझ्या इमारतीचा जिना, दुसरा मजला

तीर्थरूप मावशी,

तुझ्या दारापासून अकरा पायऱ्या खाली बसून हे लिहितो आहे. वर तुझा रेडिओ लागलेला ऐकू येतो. दुपारचे साडेतीन होत आलेत. दोनदा दारापर्यंत जाऊन खाली आलो. समोरच्या घरातल्या आजोबांनी दार उघडून विचारलं, कोण पाहिजे. मी म्हणालो, कुणी नाही.

सोमवारच्या पत्रात मी प्रामाणिक चूक असं लिहिलं. ते खोटं आहे.

बाळाला चुकीचं औषध गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या मशीनवर स्क्रिप्ट चालवली, तेव्हा तुझ्या तक्त्याचा आकार पडद्यावर आला होता. साडेसतरा लाख कोटी बाइट. चार पानांचा तक्ता, मावशी. तेवढं मावायला तसली शंभर जुनी मशीनं पुरली नसती. कुठल्याही शिकाऊ मुलालाही कळलं असतं की कप्पे सरकलेत. मला कळलं. अगदी बघताक्षणी. साहेब बाहेर उभे होते, अधीक्षकांकडून दोनदा विचारणा झाली होती. आणि समोर जी वेळ होती ती त्यांना हवी होती तशीच होती. मी आकाराचा रकाना खोडला आणि अहवाल पाठवून दिला. सचिव बाईंनी भरून मागितला तो रिकामा रकाना हाच.

का खोडला? घाई होती हे खरं. पण त्याहून खरं कारण लिहायला मला चार दिवस लागले. मला भीती वाटली की मी पुन्हा तपासायला बसलो आणि तुझ्या बाजूचं काही निघालं, तर पुढे कधीतरी आपलं नातं उघडं पडेल आणि लोक म्हणतील, मावशीसाठी आकडे फिरवले. तुझ्या विरुद्धचा आकडा मात्र मी न तपासता घेतला. मावशीच्या जागी परकं कुणी असतं तर तपासलं असतंस का, असं सोमवारपासून स्वतःला विचारतो आहे. परका माणूस असता तर मी तपासलं असतं.

आई गेली त्या वर्षी मला ताप होता आणि तू रात्रपाळी करून आली होतीस. तुझ्या औषधांच्या पेटीला कप्पे होते. मी म्हणालो, मला माहीत आहे, तिसऱ्या कप्प्यातली गोळी. तू डोळे उघडे राहत नसताना चष्मा शोधलास, पाकिटावरचं नाव वाचलंस आणि मगच गोळी दिलीस. कप्पा बघून औषध द्यायचं नसतं, म्हणालीस. कप्प्यात कोण काय टाकून गेलं असेल सांगता येत नाही, वाचायचं. मी अकरा वर्षांचा होतो. तेव्हा हसलो होतो, कारण गोळी तिसऱ्याच कप्प्यातली होती.

आज सकाळी काय केलं ते सांगतो. आमच्या विभागात ते मिशीवाले आहेत, जुनी मशीनं तेच पुसतात. ते गाडी घेऊन बाराला तळघरात येणार होते. मी साडेअकराला गेलो. हात इतके गार पडले होते की किल्ली कुलपात जाईना. पुन्हा ती साधी यादी काढली, कागदावर छापली. दुरुस्त केलेली स्क्रिप्ट चालवली. या वेळी आकार आला चार पानांचा, आणि तारीख आठ महिन्यांपूर्वीची. तेवढ्यात मिशीवाले आले. मला वाटलं साहेबांनी पाठवलंय. मी त्यांना सगळं सांगून टाकलं, कारण पळायला दुसरं दार नव्हतं. त्यांनी कागद वाचला. मग म्हणाले, "चोर सोडून संन्याशाला फाशी, ते हेच की. उचला दुसऱ्या बाजूने."

ते मशीन केवढं जड आहे तुला माहीत आहे, वॉर्डात हलवताना तू कितीदा कुरकुर केलीस. आम्ही दोघांनी ते उचलून तळघरातून वर आणलं. लिफ्ट बंद होती, ती नेहमीच असते. बालविभागावरून जाताना तुझ्या पोरी, त्या धाकट्या सिस्टर, दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटत होतं आता अधीक्षक येतील, आता साहेब येतील, आता कुणीतरी खांद्यावर हात ठेवेल. कुणी आलं नाही. सचिव बाईंच्या टेबलावर मशीन ठेवलं. कागद दिले, साहेबांचा निरोप असलेला फोन दाखवला, आणि आकाराच्या रकान्याचंही सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे लेखी द्याल?" दिलं. पोच घेतली. तिच्यावर त्यांनी हाताने वेळ लिहिली आहे, बारा वाजून चाळीस मिनिटं. तिची नक्कल या पाकिटात आहे. गुरुवारी जपून घेऊन ये.

साहेबांनी दीडला बोलावलं. म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस, पत्र मिळेल. पुढचं काय म्हणाले ते नीट आठवत नाही, माझ्या कानात नुसतं गुणगुणत होतं. बाहेर आल्यावर त्या बाळाची आठवण झाली. त्याला औषध कुणी चुकीचं सांगितलं, ते आता समिती शोधेल. आपली माणसं सुटली म्हणून त्याचा कान काही परत येणार नाही. मी त्याच्या आईला एकदाही बघितलेलं नाही. उद्या ती तिथे असेल.

ही तीनही पत्रं एकाच पाकिटात घालतो आहे. पहिलं फाडावंसं फार वाटलं. त्यात मी तुला कबूल कर म्हणून सांगतोय, तुझ्याच काळजीने, शहाणपणाचा आव आणून. पण तेही वाचशील असं ठरवलं. न वाचता पुढे ढकललेल्या एका ओळीने काय केलं ते मी बघितलंय.

तुझ्याकडे काही मागायला आलेलो नाही. माफी मागायचीही हिंमत नाही, आणि तू लगेच देऊन टाकशील याची भीती वाटते. तू रागाव. मला बरं वाटेल.

उद्या दहा वाजता त्या खोलीत ते मला विचारतील, या सिस्टरना तुम्ही कसे ओळखता. अजूनही मी घाबरलेलोच आहे. पण काय सांगायचं ते ठरलंय, आणि त्या वेळी तू माझ्याकडे बघितलंस तरी चालेल.

आता वर येतो. पाकीट दाराखालून सरकवणार होतो, पण ते जाड झालंय, आत जायचं नाही. घंटाच वाजवावी लागणार.

अहवालाखाली नाव नव्हतं, नुसतं 'संगणक विभाग' असं छापलं होतं. राहिलेली सही इथे करतो.

तुझ्या बहिणीचा मुलगा